कोऱ्या वहीखालची पट्टी

१

वही उघडली, तर आत अक्षर नाही. पहिलं पान कोरं, दहावं कोरं, शंभरावंही कोरं. भिंगबाईंनी शेवटापर्यंत पानं उलटली आणि मग, आयुष्यभराची खोड, पुन्हा पहिल्यापासून उलटली. कोरं ते कोरंच.

"हे काय आहे?" शेजारी उभ्या असलेल्या कुलसचिवांनी विचारलं.

"वही आहे," भिंगबाई म्हणाल्या. "पण ती नव्हे."

भिंगबाई विद्यापीठाच्या छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. पण ते इतकी वर्षं इतक्या चिकाटीने केलेलं, की मोठमोठे प्राध्यापक त्यांना बघून रस्ता बदलत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग असे, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा समारंभ होता. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या रसायनशास्त्राच्या एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या तिघांचा सत्कार. एक न्यायमूर्ती झाल्या, एकाने बिस्किटांचा कारखाना काढला, एक रंगभूमीवरची थोर अभिनेत्री झाली. 'आमचे नामवंत पदवीधर' नावाची पुस्तिका आज संध्याकाळी छापायला जायची होती आणि भिंगबाई हटून बसल्या होत्या: मूळ नोंदीशी ताडल्याशिवाय मी सही करणार नाही. म्हणून तर त्या आणि कुलसचिव सकाळी दहा वाजता रेकॉर्डच्या खोलीत आले. एकोणिसाव्या खणातली पाचवी वही भिंगबाईंनी स्वतः खालची कापडी पट्टी धरून ओढली. इथल्या वह्यांवरची लेबलं कधीच गळून गेली होती, वही ओळखायची ती जागेवरून. जागा बरोबर होती. वही परकी होती.

खोलीचा रेकॉर्डकीपर टेबलापलीकडे उभा होता. अख्खं विद्यापीठ त्याला दादा म्हणे. भिंगबाईंचा तर तो सख्खाच दादा.

"दादा, गुणांची नोंदवही म्हणजे काही रद्दी नव्हे," कुलसचिव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती. "आज पाचपर्यंत वही आली तर ठीक. नाहीतर निलंबनाच्या आदेशावर सही करण्यावाचून मला गत्यंतर नाही."

दादाची निवृत्ती अकरा दिवसांवर आली होती. एकेचाळीस वर्षांत त्याच्या सेवापुस्तकावर शाईचा डागसुद्धा नव्हता.

"ठीक आहे, साहेब," दादा म्हणाला.

भिंगबाईंना नवल वाटलं ते याचंच. वही खणात तिरकी ठेवली तरी आकाशपाताळ एक करणारा हा माणूस, आणि म्हणतो काय, तर ठीक आहे!

२

दोन शिपायांनी तासभर खोली पिंजून काढली. खण, कपाटं, टेबलाचे कप्पे, पंख्यावरची धूळसुद्धा. काही नाही. मग बहीणभाऊ दोघंच उरली.

बसायला स्टूल होतं, त्यावर कुणीतरी वर्तमानपत्र टाकलेलं. भिंगबाईंनी ते उचलून घडी करून टेबलावर ठेवलं आणि मगच टेकल्या. त्यांचे वडील पुस्तकं बांधायचे. घरभर छापील कागदांचे गठ्ठे असत, आणि त्या घरात एकच कायदा होता: अक्षरावर बसायचं नाही. लहानपणी दोघांनी त्यापायी एकेक सणसणीत थप्पड खाल्ली होती, ती अजून कामाला येत होती.

"चिमे, तू तुझं काम कर जा," दादा म्हणाला. सत्तावन्न वर्षांच्या बाईला चिमे म्हणणारा जगात हा एकटाच उरला होता.

"माझं काम तुझ्या वहीवाचून अडलंय. काल इथं कोण आलं होतं?"

"तिघंही आले होते. जुनी खोली बघायला. मी चहा सांगायला उपाहारगृहात गेलो, दहा मिनिटं. तेवढीच काय ती खोली माझ्या नजरेआड."

"आणि रात्रभर किल्ली?"

"माझ्या कमरेला."

"मग वही त्या दहा मिनिटांतच गेली म्हणायची."

"तू म्हणतेस तर तसं," दादा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. टेबलावर त्याने कालच केलेली वह्यांची यादी पडली होती, खोलीतल्या त्या जुन्या जांभळ्या शाईत. साऱ्या जगाने ती शाई सोडली, दादाने सोडली नव्हती.

स्टूल कलंडत होतं, म्हणून भिंगबाई उठून त्याच्या रुंद लाकडी खुर्चीकडे वळल्या.

"तिथं नको!" दादा म्हणाला. "पाय डुगडुगतोय तिचा. पडशील."

"मग तू बस. सकाळपासून उभा आहेस."

"पाठ धरलीय."

भिंगबाईंनी भावाकडे निरखून पाहिलं. हा असा मूग गिळून बसला, तर पाच वाजता त्याच्या नावावर कायमचा डाग पडेल, आणि तो पडला की हा माणूस पुन्हा मान वर करून चालायचा नाही. भिंगबाईंनी भिंग पदराला पुसलं आणि अतिथीगृहाकडे निघाल्या.

३

बिस्किटवाले व्हरांड्यात होते. गोल, गुटगुटीत, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारे.

"वही हरवली? वा! बरंच झालं की!"

"का हो?"

"आमच्या पुड्यावर काय छापलंय, वाचलंत का कधी? 'प्रथम श्रेणीच्या रसायनतज्ज्ञाची निर्मिती.' बाई, मी तिसऱ्या श्रेणीत पास झालो, तोही परीक्षकाला दया आली म्हणून. श्रेणी माझी नाही, मैद्याची आहे, असं मी बायकोला सांगतो." मग ते जरा गंभीर झाले. "पण वही चोरण्यापेक्षा मी जाहिरातच बदलेन. दादांवर आळ का आणू? आमच्या वर्गातली निम्मी पोरं नोकरीच्या अर्जाला दाखले मागायला त्यांच्याकडेच धावायची. एकाही माणसाला त्यांनी 'उद्या या' म्हटलं नाही."

ज्याच्याकडे लपवायला काही असतं तो ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकत नाही. भिंगबाईंनी त्यांच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

न्यायमूर्तीबाई खोलीत ताठ बसून वाचत होत्या. त्यांनी प्रश्न पूर्ण ऐकला, मग चष्मा काढला.

"माझी साक्ष हवी ना? लिहून घ्या. ती दहा मिनिटं आम्ही तिघं खिडकीशी उभे होतो. कपाटाला कुणीही हात लावला नाही. निघताना आमच्या मैत्रिणीच्या हातात फक्त हातपंखा होता, बिस्किटवाल्यांच्या हातात उरलेली बिस्किटं, माझे हात रिकामे. ती वही केवढी असते?"

"दीड वीत रुंद, दोन वीत लांब."

"मग पंख्यामागे लपायची नाही."

"आणि आमचे दादा?"

"चहा घेऊन आले, खुर्चीत बसले आणि तासभर गोष्टी सांगितल्या. फार छान बोलतात हो. तेवढ्यात आमची मैत्रीण म्हणाली की उद्या मला माझं पान बघायचंय, तेव्हा मात्र ते गप्प झाले. चहा तसाच राहिला त्यांचा."

भिंगबाई जिना उतरू लागल्या. तिघांनीही हात लावला नाही, तर मग वही गेली कशी? पायरीवर त्यांचा पाय थबकला आणि हात आपोआप पुढे झाला, सकाळी झाला होता तसा. त्यांनी ती वही पट्टी धरून ओढली होती.

पट्टी! पण कोऱ्या वहीखाली पट्टी घातली कुणी?

४

ही पट्टी म्हणजे त्यांच्या वडिलांची युक्ती. जाड वही पुठ्ठ्याच्या वरच्या टोकाला धरून ओढली की बांधणी फाटते. म्हणून प्रत्येक वहीखालून मांजरपाटाची एक पट्टी मागपर्यंत न्यायची आणि पुढचं टोक वहीखालीच दुमडून ठेवायचं. बाहेरून काही दिसत नाही. ज्याला ठाऊक, तो वहीखाली बोट घालतो आणि पट्टी ओढतो. वही अलगद हातात येते. दादाने नोकरीला लागल्या लागल्या साऱ्या खोलीत त्या पट्ट्या घातल्या होत्या.

घाईत वही पळवणारा परका माणूस रिकाम्या जागी दुसरी वही कोंबेल आणि सुटेल. तिच्याखाली पट्टी सारून टोक दुमडत बसणार नाही. हे त्या खोलीत काम केलेल्याच हातांनी केलं होतं. आणि खोलीत आजवर दादाशिवाय काम केलंय कुणी?

सभागृहाच्या ओवरीत नामवंतांच्या तसबिरी लावल्या होत्या. मुंग्यांवर हयात घालवलेला शास्त्रज्ञ, दीपगृहं बांधणारी बाई, दोनदा मंत्री झालेला आणि दोन्हीदा राजीनामा दिलेला गणितज्ञ. अभिनेत्री स्वतःच्या तसबिरीपुढे उभी होती, हातात पंखा. बासष्टीची बाई, पण उभं राहणं असं की ओवरीच रंगमंच वाटावी.

"फोटो छान आलाय," भिंगबाई म्हणाल्या.

"फोटो छानच आहे हो. खालची ओळ वाचवत नाही." तसबिरीखाली नाव होतं, पुढे 'पदवीधर'. अभिनेत्रीने पंखा मिटला. "तुम्ही कारकुनाची बहीण ना? नाक तेच आहे."

"कारकून?"

"मी त्यांना तेच म्हणायचे. दोन सुट्ट्या मी त्या खोलीत काम केलंय. सगळ्या वह्यांची धूळ झाडलीय, पट्ट्यांसकट! एकोणीस वर्षांचा पोरगा, मी दोन वर्षांनी मोठी, तरी एखादी वही चुकीच्या खणात गेली की मला असा झापायचा!"

भिंगबाईंचा जीव क्षणभर भांड्यात पडला. पट्टी ठाऊक असलेलं दुसरं माणूस मिळालं! पण लगेच न्यायमूर्तींचं बोलणं आठवलं. हातात फक्त पंखा. आणि खोलीला रात्रभर कुलूप.

"तुमचं प्रमाणपत्र असेलच ना जवळ? ताडायला झालं असतं."

"ते घ्यायला मी कधी आलेच नाही." अभिनेत्री पुन्हा त्या ओळीकडे बघू लागली. "निकाल लागला तेव्हा आमची नाटकमंडळी दौऱ्यावर होती. वडिलांची अट होती, पास झालीस तर नाटक कर, नापास झालीस तर मुकाट घरी ये. निकालाचं मला पत्र आलं. कार्ड होतं. जांभळ्या शाईचं."

सकाळी दादाच्या टेबलावर पाहिलेली जांभळी यादी भिंगबाईंच्या डोळ्यांसमोर आली.

"पाचच्या आत मी येते तिकडे," अभिनेत्री म्हणाली. "मला माझं पान बघायचंच आहे."

५

साडेचार वाजता भिंगबाई खोलीत शिरल्या, तेव्हा दादा खिडकीशी उभा होता. सकाळपासून तसाच.

"दादा, बस ना."

"सांगितलं ना, पाठ धरलीय."

"पाठ धरलेला माणूस बसायला जागा शोधतो रे. काल तू तासभर याच खुर्चीत बसला होतास. आज तू बसत नाहीस, मला बसू देत नाहीस." त्या खुर्चीजवळ गेल्या. पाय हलवून पाहिला. खुर्ची जागची हलली नाही. "कुठं डुगडुगतेय?"

दादाने मान खिडकीकडे वळवली.

"कोऱ्या वहीखाली पट्टी आहे. चोर बांधणी सांभाळत नाही, दादा. ते तुझे हात आहेत, तुला स्वतःलाही कळलं नसेल. वही तू काढलीस. पण ती तू जाळणार नाहीस, फाडणार नाहीस, खोलीबाहेरही नेणार नाहीस. एकेचाळीस वर्षांत एक वही तू या उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाहीस. म्हणजे ती इथंच आहे. शिपायांनी सगळं पाहिलं, फक्त तुझी मानाची म्हणून ही खुर्ची सोडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" त्यांनी खुर्चीच्या उशीवर हात ठेवला. "बाबांनी आपल्याला थप्पड कशासाठी मारली होती, सांग."

"अक्षरावर बसायचं नाही," दादा हळूच म्हणाला.

भिंगबाईंनी जाड उशी उचलली. खाली धुतलेल्या पंच्यात नीट गुंडाळलेली वही होती.

त्यांनी पान काढलं, भिंग लावलं. भिंगाची गरज नव्हती. अभिनेत्रीच्या नावापुढे चौथ्या पेपरात एकोणतीस गुण होते. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत. शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: अनुत्तीर्ण. अक्षर दादाचंच.

"गुणांच्या वहीतली पहिली नोंद होती ती माझी," दादा म्हणाला. "वहीत खरं लिहिलं. मग घरी गेलो आणि कार्डावर लिहिलं, पास झालीस, वडिलांना सांग, नाटक सोडू नकोस. सहा गुणांसाठी तिला परत नेऊन चूल फुंकायला बसवणार होते, चिमे! तिला काम करताना मी पाहिलं होतं. मला नाही राहवलं."

"आवडायची तुला."

"हो, आवडायची. मग? आता काय त्याचं?" त्याने डोळे पुसले. "तिला वाटतंय ती पास झाली. समारंभाच्या आदल्या दिवशी ही वही उघडायची आणि तिला कळायचं, की जन्मभर सांगितलं ते खोटं, आणि ते खोटं मी दिलेलं? ठेव ती परत. वाजू देत पाच. बेफिकीर म्हणून जाईन, चालेल मला."

"आणि मी? पुस्तिकेवर 'पदवीधर' छापलंय, त्यावर मी सही करू?"

"वही मिळाली नाही असं लिही. ते तर खरंय."

"होतं," भिंगबाई म्हणाल्या. "आता खरं राहिलं नाही रे, दादा."

दारावर टकटक झाली.

६

अभिनेत्री आत आली. टेबलावरची उघडी वही, दोघांचे पडलेले चेहरे, तिने सगळं एका नजरेत टिपलं. मग ती वहीवर वाकली आणि बोटाने ओळ शोधली.

"एकोणतीस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, वीससुद्धा नसतील."

दादाने टेबलाची कड धरली. "म्हणजे तुम्हाला..."

"निकाल वर्तमानपत्रात यायचा रे, विसरलास? चहाच्या टपरीवर उभी राहून मी माझा नंबर तीनदा शोधला. नव्हता. मी सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं कार्ड आलं." तिने पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून वहीवर ठेवलं. जांभळी शाई फिकट झाली होती, वाचता येत होती. "धुळीवरून सुद्धा भांडणारा माणूस, आणि तो माझ्यासाठी खोटं लिहितो. मला वाटलं, ज्याने आपल्यापायी एवढं मोडलं, त्याचं ते वाया जाऊ द्यायचं नाही. कार्ड वडिलांना दाखवलं आणि स्टेजवर गेले. पण त्या खोट्यावर पुढे मी माझं खोटं रचलं, ते तुझं नाही. लोक पदवीधर म्हणायचे, मी हूं म्हणायचे. सत्काराला तीनदा नाही म्हटलं. मग वाटलं, आता बास. पान बघायचं आणि उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. म्हणून तर काल तुला सांगितलं, आणि तू असा पांढरा पडलास!"

"मग एकेचाळीस वर्षं मी उगाच घाबरत होतो?"

"दोघंही," अभिनेत्री म्हणाली, आणि रडता रडता हसली.

ठीक पाच वाजता कुलसचिव आले, आदेशाचा कागद हातात. दादाने त्यांना खुर्चीपर्यंतही येऊ दिलं नाही. दारातच सगळं सांगितलं, पट्टीपासून पत्रापर्यंत, स्वतःच्या बाजूने एक शब्द न घालता. कुलसचिवांनी बराच वेळ वही पाहिली.

"ही खोलीबाहेर गेली होती?"

"नाही, साहेब."

"नोंदीत काही बदल?"

"नाही. वहीत मी कधी खोटं लिहिलं नाही."

"मग वही हरवली असं मला म्हणता येणार नाही." त्यांनी निलंबनाचा आदेश फाडला. दादाच्या खांद्यावरचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच ते म्हणाले, "पण नोंदवही लपवली, हा प्रमाद आहे. लेखी ताकीद द्यावी लागेल."

तिथंच टेबलाशी उभं राहून त्यांनी ती लिहिली. दादाने ती वाचली, दोन छिद्रं पाडली, कपाटातून स्वतःचं सेवापुस्तक काढलं आणि ताकीद तारखेप्रमाणे नेमक्या जागी लावली. पहिला डाग. दोऱ्याची गाठही त्याने दोनदा तपासली.

"माझा एक पेपर राहिलाय," अभिनेत्रीने कुलसचिवांना विचारलं. "बसता येईल का?"

"अभ्यासक्रम सहा वेळा बदललाय, बाई."

"पाठांतराची मला भीती घालू नका."

भिंगबाईंनी पुस्तिकेचा कच्चा छाप टेबलावर पसरला. मुखपृष्ठावरचा 'पदवीधर' खोडून समासात 'विद्यार्थी' लिहिलं. आत अभिनेत्रीच्या फोटोखाली काय घालायचं, ते त्यांनी तिलाच विचारलं. तिने एका दमात सांगितलं: रसायनशास्त्र, एका विषयात अनुत्तीर्ण. भिंगबाईंनी ते शब्दन् शब्द उतरवलं आणि खाली सही ठोकली.

दादाने वही उचलली. एकोणिसाव्या खणात कोऱ्या वहीच्या जागी ती सारली, खालून पट्टी ओढून सरळ केली, टोक दुमडलं. मग तो खोलीच्या मध्ये नुसता उभा राहिला, आता काय करायचं ते न सुचल्यासारखा.

अभिनेत्रीने उशी झटकली आणि खुर्चीवर नीट बसवली.

"कारकून," ती म्हणाली, "आता बस की रे."

आणि दादा बसला.